मदत हवी आहे : बाबांना पुन्हा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर कसं न्यावं?

मंडळी, पाटाकडील विरुद्ध शिवाजी ही कोल्हापूरच्या दोन संघांची फुटबॉल मॅच बाबांनी कधी चुकवली नव्हती. आता येतच नाहीत. म्हणतात, "गोलकीपरनं लांब मारायचं सोडून शेजारच्याला पास द्यायचा, ह्याला फुटबॉल म्हणायचं व्हय?" २०१९ च्या नियमबदलापासून गोलकिक (चेंडू गोललाइनबाहेर गेल्यावर गोलजवळून मारायची किक) पेनल्टी एरियात, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनातही, आपला खेळाडू घेऊ शकतो. म्हणून मुद्दाम जवळ पास देतात: समोरचे फॉरवर्ड चेंडूमागे धावत येतात, त्यांच्या पाठीमागे मैदान मोकळं होतं. टीव्हीवर दाखवलं, पटत नाही. पास हुकला की थेट गोल, हे त्यांचं म्हणणंही खरं आहे. पण त्यांच्याशिवाय गॅलरीत मन लागत नाही.

कुणाच्या घरी असं झालंय का? कसं समजावलंत? आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला कमी पायऱ्या चढून कुठं बसता येईल?