पाळीच्या दिवसांत वाढणाऱ्या फिट्स आणि प्रोजेस्टेरॉन: डोस कसा बसवायचा?

प्रश्न: फिट्स पाळी सुरू होण्याआधीचे तीन आणि सुरू झाल्यावरचे तीन दिवस जास्त येतात. कार्बामाझेपिन (फिट्सचं औषध) चालू आहे. डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन सुचवलंय. कधी सुरू करायचं, कसं थांबवायचं?

उत्तर १: आधी तीन पाळ्यांची डायरी ठेवा. पाळीचा पहिला दिवस म्हणजे दिवस १, पुढे प्रत्येक फिट तारखेसह लिहायची. प्रोजेस्टेरॉनच्या अमेरिकेतल्या २०१२ च्या चाचणीत सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. पाळीच्या या दिवसांत फिट्स इतर दिवसांच्या तिप्पट किंवा जास्त होणाऱ्यांना दिसला. म्हणून डायरीच निर्णायक.

२८ दिवसांच्या चक्रासाठी रूढ आखणी: दिवस १४ ते २५ रोज तीनदा २०० मिग्रॅ, २६-२७ ला तीनदा १००, २८ ला तीनदा ५०, मग बंद. चक्र लांब असेल तर तारखा डॉक्टरांकडून सरकवून घ्या.

उत्तर २: शेवटी डोस हळूहळू उतरवणं अजिबात गाळू नका! प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात बनणारं अ‍ॅलोप्रेग्ननोलोन मेंदूला शांत ठेवतं, ते अचानक घसरलं की फिट येते. नॉरएथिस्टेरॉनसारख्या कृत्रिम गोळ्यांपासून ते बनत नाही. चिठ्ठीवर 'नैसर्गिक, मायक्रोनाइज्ड' (अगदी बारीक कण केलेलं) आहे ना, दुकानातच बघा.

उत्तर ३: झोप खूप येते, गाडी चालवू नका. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असतं, अ‍ॅलर्जी असेल तर विचारा. आणि कार्बामाझेपिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा.