मिडियम वेव्हसाठी दांडी ओढू नका, रेडिओ फिरवा

रेडिओची दांडी (अँटेना) पूर्ण ओढूनही मिडियम वेव्हची खरखर का जात नाही, असं एकाने विचारलंय. अहो, बहुतेक ट्रान्झिस्टरमध्ये ती दांडी फक्त एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. मिडियम वेव्ह पकडते ती आतली काळी फेराइटची (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाची) कांडी, जिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. ही कांडी स्टेशनच्या दिशेला काटकोनात आली की आवाज खणखणीत. टोक स्टेशनकडे वळलं की आवाज बसलाच. म्हणून अख्खा रेडिओच हळूहळू फिरवून बघा, फरक लगेच कळेल.

एफएमला मात्र दांडी हवीच. १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटरची, तिचा पाव भाग ७५ सेंटीमीटर, म्हणून दांडी साधारण तेवढी ओढायची.

आणि जवळचे एलईडी दिवे, मोबाइलचा चार्जर आधी बंद करा. पुष्कळदा खरखर तिथूनच येते.