मायनर जिंकलं म्हणजे पुढे सीनियरपण जिंकतात, असं खरंच असतं का? (गेलिक फुटबॉल, आयर्लंडचा खेळ)

पोर्टलीशची_अनघा
नमस्कार मंडळी, आम्ही पोर्टलीशला राहतो, सहा वर्षं झाली. मुलगा १३ वर्षांचा, इथल्या क्लबमध्ये गेलिक फुटबॉल खेळतो आणि घरात आता दुसरा विषयच नसतो. शेजारचे आजोबा लीश काउंटीचे एकदम कट्टर, कुंपणापाशी भेटले की त्यांचं १९९६ आणि १९९७ सुरू होतं. दोन्ही वर्षं लीशच्या पोरांनी मायनरची (म्हणजे तेव्हा अठराखालच्यांची) ऑल आयर्लंड, म्हणजे सगळ्या काउंटींमधली मोठी स्पर्धा, जिंकली, ९८ ला पण फायनल गाठली आणि टिरोनकडून हरले, मग २००३ ला परत जिंकले. आठ वर्षांत तीन! आणि सीनियरच्या ऑल आयर्लंडचा सॅम मॅग्वायर कप लीशमध्ये आजपर्यंत एकदाही आलेला नाही. आजोबा हे सांगताना दर वेळी गप्प होतात आणि मला काय बोलावं कळत नाही.

तर प्रश्न असा की एवढी गुणी पोरं होती तर ती पुढे गेली कुठे? मायनरचं यश पुढे कामाला येतं का येतच नाही?

विचारतेय त्याला घरचं कारण पण आहे. ह्या वर्षी टीम निवडताना उंच, थोराड पोरं आधी घेतली, कारण कप जिंकायचाय. माझा नोव्हेंबरचा, जीएए म्हणजे ह्या खेळाच्या संघटनेत वय १ जानेवारीपासून धरतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्या पोरापुढे हा दहा महिने लहान पडतो आणि दिसतोही तेवढाच लहान. तो नाराज आहे, मीपण आहे.

हिल१६_वारकरी
अनघाताई, २०११ ची गोष्ट सांगतो, त्यातच बरंचसं उत्तर आहे. मी फायनलच्या दिवशी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात होतो. तेव्हा सीनियर फायनलच्या आधी त्याच मैदानावर मायनरची फायनल असायची. डब्लिनची पोरं टिपरेरीकडून एका पॉइंटने हरली, टिपरेरी ३-०९, डब्लिन १-१४ (आधी गोल, मग पॉइंट; एका गोलचे तीन पॉइंट). टिपरेरी म्हणजे हर्लिंगवाली (काठीने खेळायचा दुसरा आयरिश खेळ) काउंटी, त्यामुळे ती पोरं अक्षरशः रडत होती आनंदाने. नंतर डब्लिनच्या सीनियरनी केरीला हरवून १९९५ नंतरचा पहिला कप घेतला.

आता पुढे बघा. हरलेल्या डब्लिनमध्ये किअरन किलकेनी होता, तो २०१३ पासून सीनियरच्या फायनल जिंकत गेला, २०१५ ते २०२० सलग सहा जिंकल्या त्यातही तो होता. आणि जिंकलेल्या टिपरेरीला काय मिळालं? २०१६ ला सेमी फायनल, २०२० ला मन्स्टर प्रांताचा कप, तेही १९३५ नंतर पहिल्यांदाच म्हणून मोठीच गोष्ट, पण ऑल आयर्लंड नाही. त्यांचा कॉलिन ओ'रिअर्डन तर ऑस्ट्रेलियात सिडनी स्वान्स ह्या तिकडच्या फुटबॉल क्लबकडे गेला, करोनात घरी आला होता म्हणून क्लबने परवानगी दिली आणि तो मन्स्टर फायनल खेळू शकला. छोट्या काउंटीतून एक असा पोरगा गेला की भोक पडतं, डब्लिनमध्ये त्या जागेवर दुसरा उभा असतो. लोकसंख्याच बघा ना, लीश नव्वद हजारांच्या आसपास आणि डब्लिन चौदा लाखांच्या वर.

ओमाचा_निखिल
वारकरी, पटलं पण अर्धंच. मी टिरोनमध्ये राहतो आणि इथे कोणी म्हणूच शकत नाही की मायनरचं यश वाया जातं. अनघाताईंचे आजोबा ज्या ९८ च्या फायनलबद्दल बोलतात ना, तीच आमची सुरुवात. मिकी हार्ट त्या मायनर टीमचा मॅनेजर, मग तोच अंडर-२१ ला, २००० आणि २००१ दोन्ही जिंकल्या, मग २००३ ला सीनियरचा मॅनेजर झाला आणि पहिल्याच वर्षी टिरोनच्या इतिहासातला पहिला सॅम मॅग्वायर. २००५ आणि २००८ ला परत. पोरं तीच, माणूस तोच, एकमेकांना पंधरा-सोळाव्या वर्षापासून ओळखणारी.

आणि त्या पोरांनी जे सोसलं ते पण विसरू नका. १९९७ ला त्यांचा एक सोबती पॉल मॅकगर मायनरच्या मॅचमध्ये मार लागून वारला. ९८ चा कॅप्टन कॉर्मॅक मॅकअनालन सीनियरचा कॅप्टन झाला आणि मार्च २००४ मध्ये झोपेतच गेला, वय २४. इथली माणसं अजून त्याचं नाव घेताना आवाज खाली करतात. हे सगळं बरोबर झेललेली टीम मैदानावर वेगळीच असते, ते कुठल्या ट्रॉफीने मोजता येत नाही.

२०२१ ला टिरोनने सीनियर परत जिंकली तेव्हा पण तसंच झालं, मॅनेजर फिअरगल लोगन आणि ब्रायन डूहर, दोघांनी २०१५ ला अंडर-२१ जिंकलेल्या टीमबरोबर काम केलेलं. म्हणजे माझ्या मते प्रश्न "मायनर जिंकलं का" असा नाहीये, अठरा ते बावीस ह्या चार वर्षांत त्या पोरांना कोणी धरून ठेवलं का असा आहे. लीशच्या सीनियरनीही २००३ ला लेन्स्टर प्रांताचं विजेतेपद जिंकलं ना, १९४६ नंतर पहिलं, त्यात ह्या मायनर पिढीचा वाटा होताच. म्हणून "पोरं कुठे गेली" हे जरा अन्यायाचं वाटतं मला, गेली नाहीत, लेन्स्टरपर्यंत आली.

ट्रॅलीहून_वैशाली
निखिल, तुझी चार वर्षांची थिअरी आमच्या केरीत बसत नाही बघ. केरीने २०१४ ते २०१८ सलग पाच मायनर जिंकल्या. पाच! आणि अंडर-२१ किंवा आताची अंडर-२०, ती २००८ नंतर एकदाही नाही. मधल्या टप्प्यावर हात रिकामेच. आणि सीनियर २०१४ नंतर थेट २०२२ ला आली, मधे बहुतेक सगळं डब्लिनने खाल्लं. पण आली तेव्हा बघा कोणाच्या जिवावर आली, २०१६ च्या मायनरचा कॅप्टन शॉन ओ'शे आणि २०१७ चा कॅप्टन डेव्हिड क्लिफर्ड. सेमी फायनलला डब्लिनविरुद्ध शेवटच्या मिनिटाला ओ'शेने लांबून, वारा समोरून असताना जी फ्री किक मारली ती आठवली की अजून अंगावर काटा येतो. क्लिफर्डने मायनरच्या फायनलला डेरीवर एकट्याने ४ गोल ४ पॉइंट मारलेले, तेव्हाच आमच्या इथे दुकानात, पोस्टात सगळे म्हणत होते की हा पोरगा कप आणणार.

पण हेही बघा ना, पाच वर्षांच्या पाच टीम, प्रत्येकात १५ खेळणारे आणि बाकीचे बेंचवर, त्यातून सीनियरला पक्के किती झाले? थोडेच. आणि तेवढे पुरतात. सीनियर टीममध्ये वयात दहा-बारा वर्षांपर्यंत अंतर असलेली माणसं एकत्र असतात, दर वर्षी एक-दोन खरे मिळाले की टीम तयार. उरलेल्यांनी काय करायचं हे मात्र कोणी बोलत नाही, पैसे नाहीत ह्या खेळात, सगळे हौशी, कॉलेजला डब्लिन नाहीतर कामाला ऑस्ट्रेलिया. मला त्यांचं वाईट वाटतं.

ओमाचा_निखिल
ओके, केरीचं मान्य. पण मॅनेजर बघ की, जॅक ओ'कॉनर २०१४-१५ चा मायनर मॅनेजर आणि २०२२ चा सीनियर मॅनेजर. ओळखीचा माणूस होताच.

हिल१६_वारकरी
आणि उलटी बाजू डनिगॉल काउंटीची. मायनर ऑल आयर्लंड आजपर्यंत एकदाही नाही, सीनियर दोन, १९९२ आणि २०१२. त्यांचा मॅनेजर मॅकगिनस २०१० ला अंडर-२१ घेऊन फायनलला आला आणि आमच्या डब्लिनकडून हरला, आम्ही खूश, आणि दोन वर्षांत सीनियरचा कप घरी घेऊन गेला.

अनघाताई, तुमच्या मुलासाठी एकच नाव सांगतो, ब्रायन फेंटन. डब्लिनच्या मायनर टीममध्ये तो कधी खेळला नाही. अंडर-२१ ला आला, २०१४ ला जिंकला, पुढच्या वर्षी सीनियर, मग सात ऑल आयर्लंड, दोनदा फुटबॉलर ऑफ द इयर. चॅम्पियनशिपमध्ये पहिला पराभव थेट २०२१ ला, मेयोकडून. पंधराव्या वर्षी कोण केवढा दिसतो ह्यावर निवड करणाऱ्यांनी हे नाव भिंतीवर लावून ठेवलं पाहिजे, मनापासून बोलतोय.

पोर्टलीशची_अनघा
फेंटनचं आत्ताच त्याला वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं त्याने. लीशच्या २००३ च्या लेन्स्टरबद्दल उद्या आजोबांना मुद्दाम विचारते, ते नेहमी कपाचंच बोलतात, हे कधी बोललेच नाहीत. निखिल, त्या टीममधलं कोणी इथे आसपास क्लबमध्ये कोचिंग करतं का काही कल्पना? आणि वैशालीताई, ती फ्री किक कुठे बघायला मिळेल, त्याला आजच बघायचीय.