रोलँडसनचं ‘डान्स ऑफ डेथ’: सुटं पान अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

पानगळ
इंग्रज व्यंगचित्रकार रोलँडसनच्या ‘द इंग्लिश डान्स ऑफ डेथ’ या मृत्यूवरच्या व्यंगचित्रांच्या पुस्तकातलं ‘द क्वॅक डॉक्टर’ (भोंदू वैद्य) हे चित्र सुटं विकायला आलंय. ‘मूळ प्लेट, हाताने रंगवलेली’ असं वर्णन आहे. खाली प्रकाशनाची ओळ नाही आणि कडेला तांब्याच्या पत्र्याचा दाबही (छापताना पत्र्याच्या कडेची कागदावर उमटणारी खूण) दिसत नाही. नंतरची नक्कल असेल का? विकणाऱ्याकडून कशाकशाचे फोटो मागवावेत? आणि हॉगार्थ, गिलरे या इंग्रज चित्रकारांच्या मृत्यूवरच्या व्यंगचित्रांनाही हेच निकष लागतात का?

ताम्रपट
दाब नाही एवढ्यावरून पान बाद करू नका. बांधणीवाल्याने कडा जास्त कापल्या की दाब जातो, आणि सगळ्यात खाली असलेली प्रकाशनाची ओळही त्याच कात्रीत सापडते. प्रकाशक ॲकरमनने हे पुस्तक एप्रिल १८१४ ते मार्च १८१६ असं २४ मासिक भागांत काढलं. दर भागात ३ चित्रं, म्हणजे ७२. मुखचित्र आणि चित्रमय शीर्षकपान धरून ७४. ओळ शाबूत असेल तर तीत तारीख आणि ‘१०१ स्ट्रँड’ हा पत्ता हवा.

खरा निकाल भिंगाखाली लागतो. दहापट भिंगातून गडद सावलीचा फोटो मागवा. ही चित्रं ॲक्वाटिंट पद्धतीची आहेत. त्यात पत्र्यावर राळेची पूड बसवतात, पत्रा तापवून ती चिकटवतात आणि मग ॲसिड सोडतात. ॲसिड कणांच्या मधल्या फटी खातं. म्हणून छापल्यावर सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखी जाळी दिसते: मधे पांढरे बारीक ठिपके, भोवती काळ्या वेड्यावाकड्या भेगा. याउलट समान अंतरावर ओळीने बसलेले ठिपके दिसले तर ती छायाचित्रावरून केलेली छपाई. १९०३ मध्ये मेथ्युएन या प्रकाशनसंस्थेने या पुस्तकाची लहान आकाराची आवृत्ती काढली होती, तेव्हा पानाची लांबी-रुंदीही विचाराच.

‘हाताने रंगवलेली’ या शब्दांवर मात्र भुलू नका. नकलेवरही रंग फासता येतोच.

कागदकिडा
वरच्यात भर: पान उजेडासमोर धरून फोटो मागवा. जलचिन्हात (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण) कागद गिरणीच्या नावासोबत साल असेल तर ते फक्त सुरुवातीची हद्द सांगतं, म्हणजे छपाई त्या सालाआधीची नाही. १८१२ दिसलं म्हणून छपाई १८१४चीच ठरत नाही. पण १८२० दिसलं तर पहिल्या छपाईचा दावा तिथेच संपला. जलचिन्ह नसेल तर घाबरू नका. मोठा ताव कापून पानं करतात, त्यामुळे अनेक पानांवर अर्धवट अक्षरं येतात किंवा काहीच येत नाही.

राळेची जाळी उथळ असते आणि छापता छापता लवकर झिजते. म्हणून उशिराच्या प्रतीत सावल्या फिक्या पडतात आणि रंगवणाऱ्याने जाड रंग देऊन ती उणीव झाकलेली असते. सावली शाईची आहे की नुसत्या रंगाची, एवढं पाहा.

खलबत्ता
चित्रातली अक्षरंही तपासा. दुकानात रोग्यांची गर्दी, वैदू त्यांच्यात गुंतलेला, आणि पडद्याआड सांगाडा खल कुटतोय. त्यावर ‘स्लो पॉयझन’. बरण्यांवर अफू, आर्सेनिक वगैरे. सगळा विनोद या अक्षरांत आहे, आणि हलक्या नकलेत नेमकी हीच अक्षरं बुजतात.

हॉगार्थला हे निकष पुरत नाहीत, कारण ते ॲक्वाटिंट नव्हे, रेषांचं कोरीवकाम आहे. तिथे कागद बोलतो. हयातीतली छपाई सहसा जाळीच्या साच्यावरच्या कागदावर असते. उजेडात समांतर रेघा दिसतात. १७८९ मध्ये त्याची पत्नी वारली, पत्रे प्रकाशक बॉयडेलकडे गेले; १८२२ मध्ये कोरीवकाम करणाऱ्या जेम्स हीथने ते दुरुस्त करून पुन्हा छापले. दुरुस्त पत्र्यावर मूळ साल तसंच राहतं! त्यामुळे ‘द रिवॉर्ड ऑफ क्रुएल्टी’वर (१७५१; फाशी गेलेल्या टॉम नीरोचं शवविच्छेदन, खाली कुत्रं त्याचं काळीज हुंगतंय) छापलेली तारीख पत्र्याची असते, कागदाची नव्हे.

तारखेचा आणखी एक घोळ. १७५२ पूर्वी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. वैद्यांची टर उडवणाऱ्या ‘द कंपनी ऑफ अंडरटेकर्स’वर मार्च १७३६ आहे, तो आजच्या हिशेबाने १७३७.

गिलरेचं सोपं: पाठपोट छपाई दिसली की ती प्रकाशक बोनची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची. ‘प्रेसेजेस ऑफ द मिलेनियम’मध्ये (१७९५) पंतप्रधान पिट पांढऱ्या घोड्यावरचा मृत्यू झालाय, ते चित्र हॅना हम्फ्रीच्या दुकानातून सुटं विकलं गेलं, तेव्हा मागची बाजू कोरी हवी.

पानगळ
म्हणजे तीन फोटो: सावली भिंगातून, पान उजेडासमोर, आणि बरण्यांची अक्षरं. डाग असतील तर धुऊन घेता येतात का?

ताम्रपट
मागची बाजूही मागवा, जुनी चिकटपट्टी असते. धुण्याचं मनातही आणू नका; वरचा रंग जलरंग आहे, पाणी लागलं की पसरतो. आणि चौकटीत असेल तर माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) उचलून कडेचा फोटो घ्यायला लावा. झाकलेली पट्टी गडद आणि मधला भाग फिका असेल तर रंग उन्हाने उडालाय, किंमत त्या हिशेबाने पाडून मागा.