सहाण सापडली... तुम्हाला कुणी सांभाळलं?

काल माळा आवरताना आजीची सहाण सापडली. मधोमध खळगा पडलेली. चार पोरं नि सात नातवंडं, सगळ्यांची गुटी हिच्यावरच. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ... आजी पुटपुटत वेढे मोजायची. बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत आम्ही नऊ जण, आजोबा रात्रपाळी करून दिवसा झोपलेले, तरी आम्हाला कुणी गप्प बसवल्याचं आठवत नाही. आता आजी ८९ची. मऊभात मी भरवते. घास तिच्या तोंडाशी नेला की माझंच तोंड उघडतं. लिहा ना तुमचंही.

रानजाई: २६ जुलै २००५. लेक दीड वर्षाचा, कलिन्याला पाळणाघरात. सांताक्रूझला ९४४ मिमी पडला तो दिवस. फोर्टातून चालत निघाले, पोचले दुसऱ्या दिवशी अकराला. काकूंनी पाचही पोरं पलंगावर आडवी निजवलेली, स्वतः रात्रभर पाण्यात उभ्या. पाय पांढरेफटक पडलेले. मला बघून म्हणाल्या, "आधी चहा घे, तो जेवलाय." लेक अजून दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळ घेऊन जातो.

चिंचपोकळी: रानजाई, डोळ्यांत पाणी आलं गं.

निशिगंध: आमच्या डॉक्टरांनी सहा महिने फक्त अंगावरचं दूध, गुटी नको असं बजावलं. सासूबाई दोन दिवस अबोला धरून होत्या. मग स्वतःच डिंकाचे लाडू वळून आणले, "तू तरी खा."

गिरणगावचा: ८२चा संप. बाबा घरी, आई लोकांकडे पोळ्या लाटायला. ताईची वेणी बाबा घालायचे. साचा चालवणारे हात, पण रिबीन बांधताना थरथरायचे. मिल पुन्हा उघडलीच नाही. त्या वर्षाबद्दल बाबा कधी बोलले नाहीत.

विरार फास्ट: गाडीत आहे, थोडक्यात लिहिते. माझ्या वेळी बाळंतपणाची रजा १२ आठवडे, लेकीला २६ मिळाली. फार बरं वाटलं. पण आईला विस्मरण झालंय, दिवसभर माणूस लागतं, त्याला रजा कुठली? हक्काची सगळी संपली. आता दुपारी शेजारच्या वहिनी बसतात. पैसे घेत नाहीत. मी काय करू त्यांच्यासाठी, सुचवा.

निशिगंध: त्यांच्या मुलांचा अभ्यास घे रविवारी.

चिंचपोकळी: मुरुडशेंग कुठे मिळेल? सुनेला सातवा लागलाय.

रानजाई: काष्ठौषधीवाल्याकडे. पण आधी डॉक्टरांना विचार हो.

धागाकर्ती: सगळं वाचतेय. आजी उठली, येते.