कारागृहातून सुटून येणारा, सुई टोचणारा पेशंट: पहिल्या पंधरा दिवसांत काय बघायचं?

समुपदेशक_तालुका
ग्रामीण रुग्णालयात समुपदेशनाचं काम आहे. जिल्हा कारागृहात पाच महिने काढलेला 24 वर्षांचा एक जण चार दिवसांत जामिनावर सुटतोय. आत जाण्याआधी ब्राऊन शुगर (हेरॉईन) आणि पेंटाझोसिन (अफूच्या जातीचं वेदनाशामक इंजेक्शन), दोन्ही शिरेतून. आत एक सुई पाच-सहा जणांत फिरत होती, हे त्यानं स्वतः सांगितलंय. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तपासण्या कोणत्या आणि कधी? बुप्रेनॉर्फिन (अफूच्या व्यसनावरची, जिभेखाली ठेवायची गोळी) आता द्यायचं का? आणि "पाच महिने सुटलंच ना, आता दवाखाना कायले?" म्हणणाऱ्या घरच्यांना काय सांगायचं?

औषधवाला_अकोट
तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण माणूस मरतो तो तिथे. पाच महिन्यांत सवय सुटली म्हणजे शरीराची सहनशक्तीही गेली. आत जायच्या आधी जेवढं घेत होता तेवढंच बाहेर आल्यावर घेतलं, की श्वास थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा 2007 साली छापलेला अभ्यास आहे. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका त्याच राज्यातल्या इतर लोकांच्या 129 पट निघाला होता. सोबत दारू किंवा अल्प्राझोलाम (गुंगी आणणारी चिंतेवरची गोळी) असेल तर कमी मात्रेतही तेच होतं.

घरच्यांना लक्षणं पाठ करायला लावा: हलवूनही जाग नाही, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, ओठ निळे-काळपट, घशातून घरघर, मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी श्वास. ही घरघर म्हणजे "गाढ झोपलाय" असं समजून पांघरूण घालतात, तिथेच घात होतो. 108 ला फोन, मग डोकं मागे करून नाक दाबून तोंडाने श्वास, दर पाच सेकंदांना एक. स्वतः श्वास घेऊ लागला की कुशीवर वळवायचं. मिठाचं पाणी, दूध, लिंबू, थंड पाण्याचा मारा, काहीच नको.

वऱ्हाडी_लॅब
तपासणीचं सांगतो भाऊ. पयल्याच दिवशी चार गोष्टी: एचआयव्ही, एचबीएसएजी (हेपॅटायटीस बी), अँटी-एचसीव्ही (हेपॅटायटीस सीची अँटीबॉडी), आणि टीबीसाठी खोकला-ताप-वजन-रात्रीचा घाम विचारून गरज वाटली तर थुंकीचे नमुने. एचआयव्ही निगेटिव आला तरी शेवटची सुई कधी टोचली ते विचारा अन् तिथून तीन महिने झाल्यावर परत करा. नाहीतर पोट्टं "मले काई नाई" म्हणत फिरते, अन् खिडकीचा काळ (लागण झाली तरी तपासणीत दिसत नाही तो काळ) तसाच निघून जाते.

अँटी-एचसीव्ही पॉझिटिव म्हणजे आजार हायच असं नाही. साधारण चारातल्या एकाचा विषाणू आपोआप जाते, पण अँटीबॉडी जन्मभर राहते. म्हणून आरएनए (रक्तात विषाणू आता हाय का, ते सांगणारी तपासणी) पाठवाच. राष्ट्रीय हेपॅटायटीस कार्यक्रमात (2018 पासून) तपासणी अन् गोळ्या दोन्ही फुकट हायेत. सिरोसिस (यकृत कडक होऊन खराब होणं) नसेल तर सोफोसबुविर 400 अन् डॅक्लाटास्विर 60, रोज एकेक, 12 आठवडे. पण टीबीची रिफॅम्पिसिन चालू असेल तर हे सुरू करू नका. ती या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण पाडते. पयले टीबीचा कोर्स.

एचबीएसएजी निगेटिव असेल तर लस लगेच टोचा. 0, 1, 6 महिन्यांची वाट पाहाल तर हा माणूस सहाव्या महिन्यात सापडणार नाई. 0, 7, 21 दिवस अन् मग वर्षाने एक, हा वेळापत्रकही चालते.

व्यसनमुक्ती_ओपीडी
दुसरा प्रश्न अवघड आहे. आत अफूजन्य काहीच घेत नव्हता, असं खात्रीनं म्हणता येत नाही; सुई फिरत होती म्हणताय. म्हणून आधी लघवीची तपासणी आणि शेवटचं कधी घेतलं ते नीट विचारा.

अजून घेत असेल तर हेरॉईननंतर किमान 8-12 तास जाऊ द्या. जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, मोठी बाहुली दिसली की मग 2 ते 4 मिलिग्रॅम जिभेखाली. घाईने दिलं तर गोळीच विथड्रॉल (नशा तुटल्याचा त्रास) आणते. मग तो म्हणतो, "गोळीनं मेलो असतो", आणि परत येत नाही. खरंच बंद असेल पण तलफ जबर असेल, तरी बुप्रेनॉर्फिन देता येतं, फक्त अगदी कमी मात्रेपासून. जुन्या कार्डावरचा डोस बघून तोच देणं ही इथली नेहमीची चूक.

नाल्ट्रेक्सोन (नशेचा असर अडवणारी गोळी) हवं असेल तर 7 ते 10 दिवस पूर्ण कोरडे, यकृताच्या तपासण्या, मग 50 मिलिग्रॅम. पण ते सोडून परत टोचलं तर धोका आधीपेक्षा वाढतो. घरात कुणी रोज समोर बसून गोळी देणारं नसेल तर मी त्या वाटेला जाणार नाही.

एक राहिलं. पेंटाझोसिनवाल्याच्या मांड्या-दंड उघडून बघा. कातडी लाकडासारखी टणक, मध्ये खोल जखमा. त्यात परत इंजेक्शन देऊ नका.

समुपदेशक_तालुका
आभार. कारागृहातून कागद येतच नाहीत, त्याचं काय करता? आणि आत ब्लीचने सुई धुतली होती, ते कितपत धरायचं?

वऱ्हाडी_लॅब
ब्लीच धरूच नका. सिरिंजच्या पोकळीत राहिलेल्या रक्तात हेपॅटायटीस सी प्रयोगशाळेत 63 दिवस टिकलेला हाय. चमचा, कापूस, पाणी एकच असलं तरी पसरते.

व्यसनमुक्ती_ओपीडी
कागद सुटल्यावर मिळत नाहीत, आधी मागावे लागतात. त्याच्या लेखी संमतीने कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला पत्र द्या: झालेल्या तपासण्या, चालू औषधं, शेवटच्या डोसची तारीख. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, तोही मागणी करू शकतो. एचआयव्हीचा निकाल मात्र बंद पाकिटात आणि त्याच्याच हातात. 2017 च्या कायद्याने तो शिपायाला किंवा भावाला सांगता येत नाही.

औषधवाला_अकोट
नॅलोक्सोन (अफूजन्य ओव्हरडोस उतरवणारं इंजेक्शन) विसरलात सगळे. 0.4 मिलिग्रॅमच्या किमान चार अॅम्प्युल कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये आत्ताच ठेवा, कपाटात कुलूपबंद नको. मांडीत टोचा, 2-3 मिनिटांत श्वास सुधारला नाही तर परत. पेंटाझोसिन किंवा बुप्रेनॉर्फिनवर जास्त लागतं. उठून बसला म्हणून घरी सोडू नका. नॅलोक्सोनचा असर 30 ते 90 मिनिटांत उतरतो, अंगातलं हेरॉईन तोवर तसंच असतं. मुदतीची तारीख बघून घ्या, आमच्याकडे अर्ध्या पेटीची उलटून गेलेली निघाली होती.