गुरुजी संघटनेत गेले, मग वर्ग कोणी घेतला?

सडेकर
देवळाच्या जीर्णोद्धाराला गावी, राजापूर तालुक्यात, गेलो होतो. मंडपात आमचे गुरुजी दिसले. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी काखेत तीच रेक्झिनची बॅग, वरच्या खिशात दोन पेनं. कोणाचा तरी निवडश्रेणीचा, म्हणजे वरच्या पगारश्रेणीचा, प्रस्ताव अडकलाय, सोमवारी रत्नागिरी गाठायचीय म्हणाले.

चौथीपर्यंत मी त्यांच्या हाताखाली होतो. पाढे म्हणून घेताना खिडकीच्या गजावर पट्टीने ठेका धरायचे. एकोणतिसाचा पाढा मला अजून त्या ठेक्याशिवाय येत नाही. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली आणि त्यांच्या शाळेवर घाटावरचा एक मुलगा रुजू झाला, महिना 3000 रुपये मानधनावर. खोलीचं भाडं, एसटी आणि घरी पाठवायचे पैसे, यातलं काहीतरी एक दर महिन्याला राहून जायचं. त्याच्यासाठी गुरुजी पहिल्यांदा जिल्हा परिषदेत भांडायला गेले. पुढे शिक्षक संघटनेचे तालुका सचिव झाले, मग जिल्ह्यावर गेले.

माझं म्हणणं, वर्गात राहून केलं असतं त्याहून जास्त त्यांनी बाहेर पडून केलं. तीन हजारांचे सोळा हजार व्हायला 2023 उजाडलं, तेही आपसूक झाले नाहीत. बोला.

वाडीतली
तुम्ही संघटनेच्या आधीचे गुरुजी पाहिलेत, मी नंतरचे. अशाच एका पुढारी गुरुजींच्या शाळेत शिकले, गुहागरकडे. द्विशिक्षकी शाळा. एक खोली गळकी, म्हणून चारही वर्ग दुसऱ्या खोलीत. गुरुजी कायम 'कामानिमित्त तालुक्याला'. उरल्या बाई. त्यांनी पहिलीकडून मुळाक्षरं गिरवून घेईपर्यंत तिसरी-चौथीने धडा उतरवून काढायचा. माझी अख्खी तिसरी उतरवण्यात गेली. अक्षर मात्र छान आहे माझं, सगळे विचारतात. चौथीच्या बाजूच्या फळ्यावर सोमवारची तारीख गुरुवारपर्यंत तशीच असायची, कारण तो फळा गुरुजींचा.

शहरातल्या मोठ्या शाळेत एक मास्तर नसला तर कळतही नाही. आमच्याकडे एक नसला की अर्धी शाळा नाही.

खडू_डस्टर
ताई, राग रास्त आहे, पण तो गुरुजींवर काढू नका. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे शिक्षण हक्क कायद्याचं गणित. इथे मधे पऱ्ह्या, म्हणजे ओढा, पलीकडे दुसरी वाडी, दोन्हीकडे वेगळी शाळा. पट अकरा असला तरी इयत्ता काही कमी होत नाहीत. त्याच कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम लावायचं नाही. मी काल दुपारभर आहाराच्या तांदळाचा हिशेब भरत होतो, आणि तो पाठवायला रेंज मिळते फक्त वरच्या सड्यावर. पोरं खाली. एकट्या मास्तराने यावर तोंड उघडलं तर नोटीस येते. संघटना बोलली तर निदान बैठक लागते.

खाडीपलीकडचा
बैठक लागते आणि पुढे आमदारकीही लागते. सगळी शिडी तिकडेच जाते.

खडू_डस्टर
कोणाची? विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. घटनेतच तसं आहे, कलम 171. झेडपीच्या प्राथमिक गुरुजीला कोकण शिक्षक मतदारसंघात साधं मत नाही. माहिती घेऊन टोमणा मारा.

टमटमवाला
मी डी.एड., टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास. सध्या सावंतवाडीत टमटम चालवतो. संघटनेचं कौतुक वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

5 सप्टेंबर 2024, मुहूर्त शिक्षक दिनाचाच, शासन निर्णय निघाला: वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, 15,000 मानधन. आमच्याकडे असल्या शाळा वाडीगणिक. म्हटलं, चला, घराजवळ काहीतरी मिळेल. 25 तारखेला सगळ्या संघटना सामूहिक रजा टाकून रस्त्यावर. त्या दिवशी मोर्चाची भाडी मीच मारली. मागे बसलेले सर कंत्राटीकरणाने शिक्षण कसं बुडेल ते सांगत होते, मी आरशात बघत होतो.

घाटावरचा उमेदवार इथे लागतो, वर्षं मोजतो, आंतरजिल्हा बदलीने गावी जातो, जागा रिकामी. त्या बदल्यांसाठी संघटना भांडते. आमच्यासाठी कोण? आम्ही वर्गणी भरत नाही ना.

सडेकर
टमटमवाले, तुमचं दुखणं खरं आहे. पण 3000 चा शिक्षणसेवक निदान तीन वर्षांनी कायम व्हायचा. कंत्राटी म्हणजे दर वर्षी पुन्हा दारात उभं राहायचं. गुरुजी भांडले असते ते याच्याचसाठी.

टमटमवाला
आज मी दर तासाला स्टँडवर उभा असतो, साहेब. वर्षातून एकदा दारात उभं राहायला माझी काही हरकत नव्हती.

खाडीपलीकडचा
आणि 14 मार्च 2023 पासूनचा संप? जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर काम बंद. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांची ती पेन्शन गेली, त्यांचं नुकसान झालं, मान्य. पण शाळेच्या कौलांसाठी, गणिताच्या मास्तरासाठी असा आठवडा कधी बंद पाळलात?

खडू_डस्टर
नाही पाळला. या मुद्द्यावर मी गप्प.

सडेकर
वर एक गोष्ट लिहायची टाळली होती. मंडपात गुरुजींनी मला ओळखलं नाही. नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, तरी नाही. "कुठल्या केंद्रावर आहात?" म्हणाले. मी शिक्षक नाही, मुंबईला खासगीत आहे म्हटल्यावर "बरं बरं" करून प्रसादाच्या रांगेकडे वळले. अडकलेल्या प्रस्तावाचा जावक क्रमांक मात्र त्यांना तोंडपाठ होता.

वाडीतली
आमच्या बाई गणपतीत भेटल्या होत्या. मी सरळ विचारलं, बाई, तुम्ही इतकी वर्षं त्यांचे वर्ग ओढलेत, कधी तक्रार कशी नाही केली? म्हणाल्या, धाकट्याच्या वेळचं माझं प्रसूती रजेचं बिल अकरा महिने अडकलं होतं. गुरुजींनी दोन खेपा मारून काढून दिलं. त्यानंतर कोणत्या तोंडाने बोलायचं गं?